टेलिफोन केंद्रापासून संकेतस्थळापर्यंत : ‘फिनिक्स’ची कुळकथा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर गणित शिकविले. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाटक, इतिहास, सीमाभागातील शिक्षण अशा विषयांवर थोर मंडळी बोलून गेली आहेत. माझा विषय त्या मानाने रूक्ष आहे. संयोजकांनी मला ‘संगणकाविषयी काहीतरी सांगा, पण सर्वांना समजेल असे सांगा’ अशी सूचना केली. तिच्यातला दुसरा भाग मी आज्ञा मानतो. पहिल्या भागातील ‘काहीतरी’ हा शब्द मात्र बाजूला ठेवून एकच लहानसा विषय घेतो. एलिक्सर नावाची एक संगणकभाषा आहे आणि तिच्या आधारे संकेतस्थळे उभारण्यासाठी केलेली फिनिक्स नावाची एक चौकट आहे. चौकट म्हणजे काय? घर बांधताना प्रत्येक वेळी विटा भाजण्यापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून खांब, तुळया, दारे तयार ठेवावीत, तशी ही सोय. संकेतस्थळांसाठी अशा चौकटी शेकड्यांनी आहेत. मग हिच्याविषयीच का बोलावे? त्याचे उत्तर तिच्या कुळकथेत आहे, आणि ती कथा संकेतस्थळे जन्मण्याच्या आधीपासून सुरू होते.

प्रथम एक अडचण पाहू. दहावीच्या निकालाचा दिवस. निकाल दुपारी एका ठरलेल्या वेळी जाहीर होणार असतो. त्या क्षणी लक्षावधी मुले आणि त्यांच्याहून अधीर पालक एकाच संकेतस्थळाचे दार ठोठावतात आणि पडद्यावर पांढरे पान येते. फिरणारे चक्र फिरतच राहते. तासाभराने कोणीतरी सांगतो, ‘सर्व्हर बसला.’ हा शब्द आता घराघरांत इतका रुळला आहे की, सर्व्हर बसणे ही पाऊस पडण्यासारखी निसर्गघटना आहे, असे आपण मानू लागलो आहोत. ती तशी नाही. तीमागे रचनेची निवड असते आणि निवड बदलता येते.

सर्व्हर का बसतो? माणसे फार आली हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, आलेल्या माणसांची कामे एकमेकांत अडकतात. एका खिडकीपाशी एकाचा अर्ज अडला की मागची सारी रांग थांबते. दोन कारकून एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागले तर एकाचे लिखाण दुसरा पुसतो. बँकेच्या खात्यात ५०० रुपये आहेत. दोन कारकुनांनी तो आकडा एकाच वेळी वाचला. एकाने १०० मिळवून ६०० लिहिले, दुसऱ्याने २०० मिळवून ७०० लिहिले. हवे होते ८००. खातेदाराचे १०० रुपये गेले आणि दोन्ही कारकुनांनी आपापले गणित बरोबर केले होते! हे टाळण्यासाठी वहीला कुलूप लावावे, तर कुलपापाशी नवी रांग लागते. कुलपे दोन असतील आणि दोघांनी एकेक किल्ली धरून दुसरीची वाट पाहिली, तर दोघेही कायमचे थांबतात. संगणकशास्त्राचा एक मोठा भाग या कुलूपकिल्ल्यांच्या संसारात खर्ची पडला आहे.

या अडचणीतून निघण्याची एक वाट गणितातून जाते. आपण सर्वांनी शाळेत फलन शिकले आहे. एक संख्या आत घातली की एक ठरलेली संख्या बाहेर येते. ४९ चे धन वर्गमूळ ७. ते सकाळी काढा की संध्याकाळी, बेळगावात काढा की इंदुरात, एकट्याने काढा की हजार जणांनी मिळून. फलन आपल्या पलीकडच्या कशालाही हात लावत नाही आणि कशाचीही आठवण ठेवत नाही. आता हे ध्यानात घ्या की, संगणकाच्या बहुतेक प्रचलित भाषा अशा नाहीत. त्यांत चल म्हणजे एक पाटी असते. तीवर ५ लिहा, पुसा, ६ लिहा. ‘क्ष बरोबर क्ष अधिक १’ हे वाक्य त्या भाषांत रोजचे आहे. बीजगणिताच्या वहीत ते लिहिले असते तर आमच्या सरांनी कान धरला असता, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी नसते.

सरांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. ते वर्गात खोडरबर वापरू देत नसत. चुकलेल्या पायरीवर आडवी रेघ मारा, खाली नवी पायरी लिहा. मागची पायरी दिसली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. जुने सराफ आणि पेढीवाले याच शिस्तीने वह्या लिहीत. चुकीची रक्कम खोडायची नाही, उलट नोंद करायची. फलनाधिष्ठित भाषांचा पाया नेमका हाच आहे. एकदा निर्माण झालेले मूल्य बदलत नाही. बदल हवा असेल तर जुन्यावरून नवे मूल्य तयार करा. जुने जागच्या जागी राहू द्या. जे बदलतच नाही, ते हजार जणांनी एकाच वेळी वाचले तरी भांडण नाही, आणि म्हणून कुलूपही नाही.

हा विचार नवा नव्हे. अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात प्रिन्स्टन येथे केवळ फलनांवर उभे असे एक कलन मांडले, तेव्हा आजच्या अर्थाने संगणकच नव्हते. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी त्यातून प्रेरणा घेऊन लिस्प ही भाषा रचली. फोरट्रानचे जनक जॉन बॅकस यांनी १९७७ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात आपण ज्या प्रकारच्या भाषा घडविल्या त्या प्रकारावरच टीका केली आणि फलनांच्या मार्गाचा पुरस्कार केला. सन्मानाच्या व्यासपीठावरून स्वतःच्या कीर्तीच्या पायालाच हात घालणारी अशी भाषणे फार होत नाहीत. परंतु विद्यापीठांबाहेरच्या व्यवहाराने त्याची फारशी दखल घेतली नाही. हे सारे सुंदर आहे, पण रोजच्या कामाचे नाही, असा शेरा मारून ती नस्ती बाजूला ठेवण्यात आली.

तिला खरे काम मिळाले ते टेलिफोन केंद्रात.

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीची केंद्रे जगभर होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिच्या संगणकविज्ञान प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिघे एका प्रश्नामागे लागले : टेलिफोन केंद्राची आज्ञावली लिहिण्यासाठी अधिक चांगली भाषा कोणती असावी? आर्मस्ट्राँग हे मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. १९८६ च्या सुमारास त्यांनी प्रोलॉग या तर्काधिष्ठित भाषेत प्रयोग सुरू केले आणि त्यातून हळूहळू एक स्वतंत्र भाषा वेगळी झाली. तिचे नाव एर्लांग.

या नावात एरिक्सनची भाषा असा श्लेष निघतो. परंतु ते नाव एका माणसाचेही आहे, आणि शाळेच्या व्यासपीठावरून त्याच्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आग्नर क्रारुप एर्लांग हा डेन्मार्कमधील १८७८ सालचा जन्म. वडील शाळामास्तर. गणितात उच्च पदवी घेऊन याने स्वतःही काही वर्षे शाळांतून शिकविले आणि १९०८ मध्ये तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेला. तेथे त्याच्यापुढे प्रश्न आला : अमुक इतके लोक अमुक वेळा फोन करतात, तर किती तारा ठेवल्या म्हणजे ‘लाइन व्यस्त आहे’ असे फारसे ऐकावे लागणार नाही? १९०९ च्या निबंधात त्याने दाखविले की, आपापल्या लहरीने येणाऱ्या फोनांच्या गर्दीतही संभाव्यतेचा नियम असतो. १९१७ मध्ये त्याने दिलेली सूत्रे त्यानंतरही दूरध्वनीच्या अभियंत्यांनी वापरली. दूरध्वनीवरील भार ज्या एककात मोजतात त्याचे नावही एर्लांगच. रांगांचे शास्त्र असे एका मास्तराने सुरू केले. निकालाच्या दिवशीची आपली अडचण तिथपर्यंत जाऊन पोहोचते.

आता टेलिफोन केंद्राच्या गरजा पाहा. हजारो संभाषणे एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. माझा फोन तुटला म्हणून शेजाऱ्याचा तुटता कामा नये. केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवता येत नाही, कारण नेमक्या त्याच वेळी कोणाच्या तरी घरी डॉक्टरला बोलवायचे असते. आणि एक यंत्र कितीही उत्तम असले तरी कधीतरी मोडणारच, म्हणून यंत्रे किमान दोन हवीत आणि दोन यंत्रांत सामायिक वही असू शकत नाही. निरोपच पाठवावे लागतात. या चारही गरजांतून भाषेचे रूप ठरले. येथे तत्त्वज्ञान गरजेच्या मागून आले, हे मला विशेष वाटते.

एर्लांगमध्ये प्रत्येक संभाषणासाठी एक स्वतंत्र प्रक्रिया असते. प्रक्रिया हा शब्द मी पारिभाषिक अर्थाने वापरतो आहे. एक छोटा, एकलकोंडा कामगार असे समजा. त्याची स्वतःची वही, स्वतःची टपालपेटी. दुसऱ्याच्या वहीत डोकावण्याची सोयच नाही. काही हवे असेल तर चिठ्ठी टाका. पेटीतल्या चिठ्ठ्या तो एकेक करून उचलतो. असा कामगार जन्माला येताना सुमारे अडीच-तीन किलोबाइट एवढीच जागा घेतो. संगणकाच्या नेहमीच्या कार्यप्रणालीतील कामगारासाठी मेगाबाइटच्या हिशेबात जागा राखण्याची प्रथा आहे, हे शेजारी ठेवले म्हणजे फरक कळेल. एक लाख कामगार उभे केले तरी जागा पाव गिगाबाइटच्या आसपास लागते. शिवाय यंत्रणा प्रत्येकाला काही हजार पावलांपुरतीच पाळी देते आणि मग पुढच्याला उभे करते. त्यामुळे एखाद्याचे काम कितीही लांबले तरी खिडकीपाशी रांग अडत नाही. कामगार मेला की त्याची वही त्याच्याबरोबर जाते. इतरांच्या कागदांना धक्का लागत नाही.

आणि तो मरतो. येथे या भाषेतील सर्वांत धीट आणि सर्वांत गैरसमजाचा विचार येतो. नेहमीची शिकवण अशी की, प्रत्येक संभाव्य चूक आधी ओळखा आणि तिच्यासाठी तजवीज लिहा. आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी म्हटले, सर्व चुका ओळखता येणारच नाहीत. तेव्हा जेथे काय करावे ते कळत नाही, तेथे त्या एका प्रक्रियेला सरळ कोसळू द्या. तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रक्रिया, म्हणजे पर्यवेक्षक, तिच्या जागी स्वच्छ अवस्थेतील नवी प्रक्रिया उभी करील. परीक्षेतील पर्यवेक्षकाप्रमाणे हा स्वतः पेपर लिहीत नाही, फक्त लक्ष ठेवतो. स्वतः काम करीत नाही म्हणून त्याच्या हातून चुकाही कमी होतात. पर्यवेक्षकांवर पर्यवेक्षक, असा वरपर्यंत वृक्ष असतो.

याचा अर्थ निष्काळजीपणाला मुभा असा काहींनी घेतला. तो चुकीचा आहे. पुष्कळ दुर्मिळ बिघाड विचित्र योगायोगाने घडतात. तीच क्रिया पुन्हा स्वच्छ पाटीवर केली तर बिघाड पुन्हा होत नाही. अशांसाठी हा उपाय आहे. जो बिघाड दर वेळी होणारच, त्याला नवजन्म देऊन उपयोग नाही, आणि रचनाकारांनी तेही ओळखले होते. एलिक्सरमध्ये ठरावीक नियम असा की, ५ सेकंदांत तीनपेक्षा अधिक वेळा पुनरुज्जीवन करावे लागले, तर पर्यवेक्षक हात टेकतो, स्वतः थांबतो आणि प्रकरण वरच्याकडे जाते. किती वेळा प्रयत्न करावा आणि केव्हा वरिष्ठांना कळवावे, याचा हा विवेक पुष्कळ कार्यालयांतून आढळत नाही. असो.

एरिक्सनने या भाषेची एक चित्रफीत काढली होती. तिच्यात काही गंभीर चेहऱ्याची माणसे एकमेकांना फोन करतात, केंद्राच्या आज्ञावलीत दोष सापडतो आणि चालू संभाषणे न तोडता तो दुरुस्त केला जातो. अभिनय बेताचाच आहे. पण चालत्या गाडीचे चाक बदलण्याचा तो प्रकार खरोखर घडत होता.

पुढे १९९५ च्या अखेरीस कंपनीचा नव्या केंद्राचा एक प्रचंड प्रकल्प कोसळला आणि त्यानंतरच्या कामासाठी एर्लांगची निवड झाली. त्यातून एएक्सडी ३०१ हे यंत्र १९९८ मध्ये पुढे आले. त्यात दहा लाखांहून अधिक ओळी एर्लांगमध्ये होत्या. त्याची विश्वसनीयता नऊ वेळा नऊ, म्हणजे ९९.९९९९९९९ टक्के होती, असे अभिमानाने सांगितले जाते. वर्षाला हिशेब केला तर सेकंदाच्या सुमारे बत्तिसाव्या भागाएवढा खंड. मला हा आकडा नेहमी थोडा खटकतो. मर्यादित काळाच्या पाहणीवरून काढलेला आकडा अनंतकाळाची हमी म्हणून मिरवणे बरे नव्हे. दोन नऊ कमी केले तरी ते यंत्र उत्तमच ठरते.

पण याच १९९८ च्या फेब्रुवारीत एरिक्सनच्या रेडिओ विभागाने नव्या उत्पादनांत एर्लांग वापरण्यास मनाई केली. कारण व्यवहारी होते : जगात जी भाषा आपल्याखेरीज कोणी वापरत नाही, तिचा सारा भार आपणच का वाहावा? यंत्र यशस्वी आणि भाषा वर्ज्य, अशी स्थिती झाली. कर्त्यांनी आग्रह धरला की, मग ती सर्वांसाठी खुली करा. त्याच वर्षी डिसेंबरात एर्लांगची मूळ संहिता मुक्तपणे प्रसिद्ध झाली आणि आर्मस्ट्राँग यांच्यासह पुष्कळांनी कंपनी सोडून ब्लूटेल नावाची स्वतःची कंपनी काढली. बंदी आली नसती तर एर्लांग बहुधा एका कंपनीच्या कपाटातच राहिली असती. पुढे आर्मस्ट्राँग एरिक्सनमध्ये परतले आणि ती बंदी अमलातून गेली. त्यांनी या साऱ्या विचाराची मांडणी २००३ मध्ये स्टॉकहोमच्या शाही तंत्र संस्थेला सादर केलेल्या प्रबंधात केली. मूळ आज्ञावलीत चुका असतानाही व्यवस्था विश्वसनीय कशी ठेवावी, हा त्याचा विषय. एप्रिल २०१९ मध्ये ते निवर्तले.

आता आपण संकेतस्थळांकडे वळू. प्रारंभीचे संकेतस्थळ म्हणजे पोस्टकार्ड होते. आपण मागणी पाठवायची, सर्व्हरने पान पाठवायचे, संबंध संपला. पुढच्या पत्रापर्यंत दोघे अनोळखी. त्या काळात टेलिफोन केंद्राच्या विचाराची तेथे विशेष गरज भासली नाही. परंतु पुढे पडद्यावर निरोप आपोआप उमटावेत, क्रिकेटचा धावफलक आपोआप हलावा, एकाच कागदावर चौघांनी एकत्र लिहावे अशा अपेक्षा आल्या. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात कायम उघडी राहणारी तार हवी झाली, आणि वेबसॉकेट नावाने तिचे प्रमाण २०११ मध्ये ठरले. पोस्टकार्डाचा टेलिफोन झाला! लक्षावधी तारा एकाच वेळी उघड्या, प्रत्येक आपल्या मर्जीने केव्हाही बोलणार, केव्हाही तुटणार. हा प्रश्न स्टॉकहोमच्या त्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षांपूर्वीच सोडविला गेला होता.

याची पहिली मोठी साक्ष आपल्या सर्वांच्या खिशात आहे. माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲपवर गट आहे आणि सकाळच्या सुप्रभाताच्या चित्रांनी तो भरून वाहतो. ते निरोप पोहोचविणारे सर्व्हर एर्लांगमध्ये लिहिलेले आहेत. २०१२ च्या प्रारंभी कंपनीने एका सर्व्हरवर वीस लाख जोडण्या एकाच वेळी धरल्याचे जाहीर केले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी १९ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला, तेव्हा तिचे सुमारे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि अभियंते अवघे ३२. माणसांची हुशारी त्यात अर्थातच होती; परंतु साधनाची निवडही होती.

मग सर्वांनी एर्लांगच का घेतली नाही? कारण तिचे बाह्यरूप बहुतेकांना परके वाटे. विराम, अर्धविराम आणि पूर्णविराम यांचे तिचे नियम प्रोलॉगकडून आलेले. येथे ब्राझीलच्या जोझे वालिम यांचा प्रवेश होतो. ते रूबी भाषेतील रेल्स या लोकप्रिय चौकटीच्या कर्त्यांपैकी एक. संगणकांत एकाऐवजी चार-आठ गाभे येऊ लागले, तेव्हा रेल्सला ते सारे एकाच वेळी नीट वापरता यावेत यासाठी झटताना त्यांना त्या कुलूपकिल्ल्यांचा वीट आला. एर्लांगचे यंत्र तसेच ठेवून त्यावर नव्या रूपाची भाषा त्यांनी २०११ च्या सुमारास रचायला घेतली. तीच एलिक्सर, तिची १.० आवृत्ती सप्टेंबर २०१४ मध्ये आली. त्यांनी पाया पुन्हा खोदला नाही, यातच त्यांचे शहाणपण दिसते. वर्षानुवर्षे तापून निघालेले यंत्र खाली, वर वाचायला सुखद अशी लिपी.

फिनिक्स ही चौकट ख्रिस मकॉर्ड यांची. त्यांनीही आधी रूबीत क्षणोक्षणी बदलणारी पाने करण्याचा प्रयत्न केला होता आणि ते किती कष्टाचे होते हे अनुभवले होते. फिनिक्सची १.० आवृत्ती ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव, ज्या व्यवस्थेत कोसळलेले पुन्हा उभे राहते तिला शोभून दिसते.

तिच्या अंतरंगाची एकच गोष्ट सांगतो, कारण तीत शाळेतील गणित उघड दिसते. ब्राउझरकडून मागणी आली की फिनिक्स तिचा एक लखोटा करते. त्यात कोण आले, काय हवे, उत्तर काय द्यायचे यांच्या जागा असतात. हा लखोटा एका फलनात जातो. ते मागणीची नोंद करते आणि नवा लखोटा देते. तो दुसऱ्या फलनात जातो. ते ओळख तपासते. तिसरे हक्क तपासते, चौथे पान तयार करते. कार्यालयात नस्ती टेबलाटेबलावरून जाते आणि प्रत्येक जण आपले टिपण जोडून ती पुढे सरकवतो, तसेच. फरक एवढाच की येथे जुने टिपण कोणी फाडू शकत नाही आणि नस्ती कोणाच्या खणात पडून राहत नाही. ‘फ’ चे ‘ग’ चे ‘क्ष’, म्हणजे फलनांचे संयोजन, एवढ्यात संपूर्ण संकेतस्थळ आले. अडचण कोठे आहे हे शोधताना कोणत्याही दोन टेबलांमध्ये उभे राहून लखोटा उघडून पाहावा. प्रत्येक मागणी आपल्या स्वतंत्र प्रक्रियेत चालते, त्यामुळे एकाचा अर्ज फसला तर पांढरे पान त्याला एकट्याला दिसते.

त्याच वर्षीच्या शरदात फिनिक्सच्या मंडळींनी ४० गाभ्यांच्या आणि १२८ गिगाबाइट स्मृतीच्या एका यंत्रावर वीस लाख वेबसॉकेट जोडण्या एकाच वेळी धरून दाखविल्या. पहिल्या फेरीत आकडा पुष्कळच खाली अडकला होता. अडथळे शोधून मोजकेच फेरफार करीत ते वर चढत गेले. शेवटची मर्यादा यंत्राच्या ताकदीने आली नव्हती, त्यांनी स्वतः घालून दिलेल्या संख्येने आली होती. गेमिंगप्रेमी तरुणांच्या डिस्कॉर्ड या संवादसेवेने २०१७ मध्ये एलिक्सरच्या बळावर एकाच वेळी पन्नास लाख वापरकर्ते सांभाळल्याचे लिहिले आहे. २०१८ मध्ये मकॉर्ड यांनी लाइव्हव्ह्यू ही कल्पना मांडली : प्रत्येक उघड्या पानामागे सर्व्हरवर एक प्रक्रिया बसवावी आणि पानात जेवढा फरक पडेल तेवढाच तारेवरून पाठवावा. ब्राउझरसाठी वेगळी आज्ञावली लिहिण्याचे बरेचसे काम त्यामुळे वाचते.

विद्यार्थिमित्रहो, येथवर ऐकून हे रामबाण औषध आहे असे वाटले असेल, तर थोडे थांबा. लाइव्हव्ह्यूला तार जिवंत लागते. ज्या गावात नेटवर्क येते आणि जाते, तेथे आरोग्यसेविकेला दिवसभर जोडणीविना नोंदी करायच्या असतील तर ही रचना तिच्या उपयोगाची नाही. भारी आकडेमोडीत एर्लांगचे यंत्र स्वतः वेगवान नाही. ते काम दुसऱ्यावर सोपवावे लागते. आणि मूल्ये न बदलणारी असली तरी गाडीतला शेवटचा बर्थ एकच असतो. तो दोघांना दिला जाऊ नये यासाठी त्या बर्थची सारी चौकशी एकाच प्रक्रियेच्या टपालपेटीतून जाऊ द्यावी लागते किंवा माहितीसाठ्यातील व्यवहाराचे नियम पाळावे लागतात. जगातील स्पर्धा भाषेने नाहीशी होत नाही. ती कोठे उभी आहे हे फक्त स्पष्ट दिसते. निकालाचे संकेतस्थळ फिनिक्समध्ये लिहिले आणि मागचा माहितीसाठा दुबळा ठेवला, तर ते पुन्हा बसेल.

नोकरीचा प्रश्नही टाळता येणार नाही. पालक मला हाच विचारतात. जाहिरातींत जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट यांची नावे दिसतात. एलिक्सरचे क्वचित दिसते. पहिली नोकरी पाहिजे असेल तर बाजारात जे मागतात ते जरूर शिका, त्यात कमीपणा नाही. परंतु आपल्याकडील संगणकशिक्षण केवळ तेवढ्यावरच थांबले आहे, हे मला सलते. दर तीन-चार वर्षांनी साधन बदलते, मुले नवी नावे पाठ करतात आणि चाळिशीत आली की आपण मागे पडलो अशी धास्ती घेतात. ज्यांना फलन म्हणजे काय, रांग का तुंबते, दोघांनी एक वही का वापरू नये हे उमगले आहे, त्यांना नवे नाव म्हणजे जुन्या ओळखीचे नवे कपडे वाटतात. अशी माणसे मी कामाच्या ठिकाणी पाहिली आहेत. त्यांतील बरीच मातृभाषेतून गणित शिकलेली होती. यावरून सिद्धांत काढण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. निरीक्षण म्हणून नोंदवितो.

ही भाषाही थांबलेली नाही. एलिक्सरमध्ये मूल्यांचे प्रकार आधी घोषित करावे लागत नाहीत, आणि त्यामुळे काही चुका आज्ञावली चालू झाल्यावरच कळत, ही तिच्यावरची जुनी टीका. २०२४ च्या १.१७ आवृत्तीपासून तिच्यात प्रकार तपासण्याची सोय क्रमाक्रमाने आणली जात आहे, आणि तिचा पाया आहे संचसिद्धांत. संयोग, छेद, पूरक संच. आपल्या पाठ्यपुस्तकातील त्या एकमेकांवर चढलेल्या वर्तुळांच्या आकृत्या आठवा. ‘हे फलन पूर्णांक किंवा अक्षरमाला घेते, पण रिकामे मूल्य घेत नाही’, असे विधान त्याच वर्तुळांनी तपासले जाते. आठवी-नववीत ज्यांना ‘याचा पुढे उपयोग काय’ असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी हे एक उत्तर.

मुख्याध्यापकांना एक विनंती करून थांबतो. शाळेच्या संगणककक्षात जी यंत्रे आहेत ती या कामाला पुरेशी आहेत. एर्लांग आणि एलिक्सर दोन्ही विनामूल्य मिळतात. एर्लांगबरोबर ऑब्झर्व्हर नावाचे एक निरीक्षणसाधन येते. ते पडद्यावर पर्यवेक्षकांचा वृक्ष रेखाटून दाखविते. नववीच्या मुलांना दोन तास द्या. त्यांनी एका पर्यवेक्षकाखाली पाच प्रक्रिया उभ्या कराव्यात, त्यांतली एक माउसने मारावी आणि त्याच फांदीवर नव्या क्रमांकाची प्रक्रिया उगवते का ते पाहावे. मग तीच पाच सेकंदांत चार वेळा मारावी आणि पर्यवेक्षकाचे काय होते, ते वहीत लिहून आणावे.